देवळांची सहल : हक्काची की भक्तीची?

उदगीर व आसपासच्या आपल्या वस्त्यांत गेल्या काही वर्षांत एक नवी रीत पडली आहे. तिच्याकडे वाचकांचे लक्ष वेधणे मला अगत्याचे वाटते. चार-दोन कुटुंबे वर्गणी करून भाड्याची गाडी ठरवितात, पहाटे निघतात, तुळजापूर, पंढरपूर, परळी, औंढा यांपैकी दोन-तीन ठिकाणे एका दिवसात उरकतात आणि मध्यरात्रीपूर्वी घरी परततात. पूर्वी उदगीरच्या स्टेशनावरून परळीस जाणारा मनुष्य दोन दिवसांची भाकरी बांधून निघत असे. आता गाडी दारात येते. देवळापाशी उतरताच गाईड भेटतो. तो रांग चुकवून देतो, पुजारी ठरवून देतो, स्थळाचा महिमा सांगतो आणि जेवणाची खानावळही दाखवितो. यात नवल काही नाही. नवल हे की, या गाड्यांत बसणाऱ्यांत १९५६ नंतर धम्मदीक्षा घेतलेल्या घरांची दुसरी-तिसरी पिढीही दिसू लागली आहे. शिक्षक आहेत, कचेरीतील कारकून आहेत, बँकेतील नोकर आहेत. त्यांच्या घरात भगवान बुद्धाची मूर्ती आहे, बाबासाहेबांची तसबीर आहे, आणि तसबिरीखालच्या फळीवर तुळजापूरच्या प्रसादाची पुडीही आहे.

विचारले तर उत्तर ठरलेले असते. "आम्ही फिरायला गेलो होतो. भक्तीसाठी नव्हे." दुसरीकडे आपल्यातील काही तरुण कार्यकर्ते अशा कुटुंबांची नावे घेऊन त्यांची भर सभेत निर्भर्त्सना करतात आणि बौद्धाने देवळाच्या आवारात पाऊल टाकणे हेच पाप असल्याचा निवाडा देतात. वाचकहो, या दोन्ही पक्षांशी मला भांडावयाचे आहे. पहिला पक्ष आपण कोणत्या नात्याने आत गेलो हे स्वतःला विचारीत नाही. दुसरा पक्ष आपल्या आज्यांनी लाठ्या खाऊन मिळविलेला हक्क रागाच्या भरात टाकून द्यावयास निघाला आहे.

प्रथम कायदा पाहू, कारण तो माझा व्यवसाय आहे आणि या प्रश्नात त्याची बाजू बहुतेकांस ठाऊक नसते.

आपला मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. उदगीर तालुका त्या काळी बीदर जिल्ह्यात मोडे. निजामी संपल्यावर १३५८ फसलीत हैदराबाद संस्थानासाठी हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा विनियम निघाला. पुढे २६ जानेवारी १९५० रोजी घटना अमलात आली. तिच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर केले, आणि १ जून १९५५ पासून अस्पृश्यता (अपराध) कायदा लागू होऊन असे प्रांतोप्रांतीचे जुने कायदे व विनियम त्यात विलीन झाले. १९७६ साली त्याच कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा असे झाले व शिक्षा कडक झाल्या. या कायद्याचे ३ रे कलम प्रत्येक बौद्धाने एकदा तरी डोळ्यांखालून घालावे. अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्यास सार्वजनिक पूजास्थानात येण्यास, तेथे पूजा-प्रार्थना करण्यास अथवा तेथील तीर्थाचे पाणी वापरण्यास जो अडवील, तो गुन्हेगार होय. त्यास किमान एक महिना व कमाल सहा महिने कारावास आणि शिवाय दंड. परंतु हा हक्क कोणास व किती? त्याच धर्माच्या इतर लोकांस ते स्थान जितके खुले असेल तितकाच, आणि त्याच धर्माच्या मनुष्यास.

येथे कोणी म्हणेल, मग आम्ही तर बौद्ध. आमचा हक्क बुडाला. तसे नाही. कलमाखाली एक स्पष्टीकरण जोडलेले आहे. त्यानुसार बौद्ध, शीख व जैन धर्म मानणारे, तसेच लिंगायत, वीरशैव, ब्राह्मो, प्रार्थना व आर्य समाजाचे आणि स्वामिनारायण संप्रदायाचे अनुयायी यांस या कलमापुरते हिंदू समजावयाचे आहे. घटनेच्या २५ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या स्पष्टीकरणातही सार्वजनिक स्वरूपाची हिंदू धर्मस्थाने सर्व वर्गांस खुली करण्यापुरता असाच समावेश आहे. विवाहाच्या व वारसाच्या कायद्यांत तेच. म्हणजे पाहा, देवळाच्या दारात बौद्धास जो हक्क चालतो तो कायद्याने त्यास घटकाभर हिंदू मानल्यामुळे चालतो.

हे वाचून पुष्कळांच्या कपाळावर आठी पडेल. माझ्याही पडली होती. परंतु कायद्याचे मानणे आणि मनुष्याचे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वकिली करणारास नित्य दिसते. कायदा कंपनीस व्यक्ती मानतो, म्हणून कंपनीस कोणी पंगतीला बोलावीत नाही. कायद्याने आपणांस हिंदू मानले ते दार अडविणाऱ्याची पळवाट बुजविण्यासाठी. अन्यथा धर्मांतर केलेल्या प्रत्येक मनुष्यास पुजाऱ्याने सांगितले असते की, तू आता आमचा नाहीस, सबब मी तुला अडविले ते अस्पृश्य म्हणून नव्हे. तेव्हा ही तरतूद आपल्या हातातील ढाल आहे. ती अंगरख्याप्रमाणे अंगात घालून घरभर मिरवावयाची वस्तू नव्हे.

आणि ही पळवाट केवळ माझ्या कल्पनेतील नाही. मुंबई राज्यात १९४७ साली हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा झाला, तेव्हा गुजरातेतील स्वामिनारायण पंथाच्या सत्संगींनी न्यायालयात धाव घेऊन असा दावा लावला की, आमचा पंथ हिंदू धर्मात मोडतच नाही, म्हणून आमच्या मंदिरांस हा कायदा लागू नाही. दाव्याचा हेतू उघड होता. अस्पृश्यांस आत घेण्यापेक्षा आपण हिंदू नाही असे शपथेवर सांगणे त्यांस सोपे वाटले. १९६६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्या लेखणीने तो दावा फेटाळला. आपण धर्म सोडला म्हणून ज्यांनी आपणांस दूषणे दिली, त्यांनी हे प्रकरण एकदा वाचावे. माणसास माणूस मानण्यासाठी आपण धर्म सोडला. माणसास माणूस मानावे लागू नये म्हणून तो सोडावयास तयार झालेले लोकही याच देशात होते.

आता इतिहासाकडे वळतो. देवळाचे दार आपण मागितले ते कशासाठी? पुण्याच्या पर्वतीवर १३ ऑक्टोबर १९२९ रोजी सत्याग्रह झाला. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे २ मार्च १९३० पासून हजारो स्त्रीपुरुष उभे राहिले आणि दादासाहेब गायकवाडांच्या खांद्यावर तो लढा पुढे पाच वर्षे चालला. ही माणसे रामाच्या मूर्तीसाठी व्याकूळ झाली होती असे आजही शाळेच्या पुस्तकी भाषेत सांगितले जाते. त्यांत तसे भाविक नव्हते असे मी म्हणत नाही, पुष्कळ होते. परंतु ज्यांनी लढा उभारला त्यांच्या मनात काय होते? ३ मार्च १९३४ रोजी बाबासाहेबांनी दादासाहेबांस लिहिलेल्या पत्रात त्याचा स्वच्छ खुलासा आहे. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे अथवा देवळात गेल्याने ते समान होतील, अशा समजुतीने आपण ही चळवळ केली नाही. आपल्या लोकांस आपल्या स्थितीची जाणीव व्हावी व त्यांच्यात चेतना यावी यासाठी केली. तो हेतू साधला आहे, आता शक्ती राजकारणावर आणि शिक्षणावर लावावी, असा त्या पत्राचा आशय आहे. त्याच्या आदल्या वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, मंदिरप्रवेशाच्या विधेयकावर मत देताना त्यांनी स्पृश्यांस बजावले होते की दार उघडावे की न उघडावे हा तुमच्या माणुसकीचा प्रश्न आहे, त्यासाठी मी तुमच्या दारी आंदोलन करीत बसणार नाही. आणि पर्वतीच्या सत्याग्रहास बरोबर सहा वर्षे झाली त्या तारखेस, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्यास धर्मांतराची घोषणा झाली.

दार उघडणे हा हक्काचा प्रश्न होता. आत जाऊन काय करावयाचे हा बुद्धीचा प्रश्न होता. पहिला प्रश्न कायद्याने सुटला, निदान कागदावर तरी. दुसरा नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी सुटला. आता भाड्याच्या गाडीत बसून जे निघतात त्यांनी हे दोन्ही प्रश्न पुन्हा एकत्र कालवून ठेवले आहेत.

सहलीविषयीच बोलावयाचे तर आपल्या इतिहासात एका सहलीची नोंद आहे आणि ती याच मराठवाड्यातली आहे. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह मोटारीने वेरूळची बौद्ध लेणी पाहावयास निघाले. निजामाच्या मुलुखात आपली ओळख सांगावयाची नाही असे त्यांनी आधीच ठरविले होते, कारण वाटेत काय होईल याची सर्वांस कल्पना होती. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दरवाजापाशी पाण्याने भरलेले टाके होते. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी तेथे हातपाय धुतले. तोच एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की धेडांनी टाके बाटविले. गर्दी जमली, शिव्यागाळी झाली. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती एका अटीवर, की आत कोठेही पाण्यास स्पर्श करावयाचा नाही. आणि ती अट पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी एक हत्यारबंद शिपाई त्यांच्याबरोबर देण्यात आला. हिंदूंस अस्पृश्य असलेला मनुष्य मुसलमानांसही अस्पृश्य असतो, हे दाखविण्यासाठी बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

आज आपल्यापुढे गाईड चालतो, दार दाखवितो, 'या साहेब' म्हणतो. त्या दिवशी बाबासाहेबांबरोबर जो चालला तोही एक वाटाड्याच होता. फरक मोठा आहे हे मी नाकारीत नाही. आपल्या आजोबांच्या हयातीत न मिळालेले पाणी आपण आज बाटलीतून पितो व गाडीत बसतो, हे थोडे नव्हे. परंतु ज्यांनी तो फरक घडविला त्यांच्या नातवंडांनी गाईडच्या मागे मुकाट्याने चालावे, हे मला पाहवत नाही. शिपायापुढे गप्प बसणे भाग होते. गाईडपुढे भाग नाही.

गाईड सांगतो तरी काय? औंढा नागनाथचे उदाहरण घ्या. तेथील कथा सर्वश्रुत आहे. नामदेव देवळापुढे कीर्तन करीत होते. पुजाऱ्यांनी त्यांस तेथून उठवून मागील बाजूस घालविले. ते तेथे गाऊ लागताच देऊळच फिरले व देवाचे तोंड नामदेवांकडे झाले. गाईड हे सांगतो, श्रोते हात जोडतात, आणि पुढची गाडी येते. वाचकहो, मी न्यायालयात उलटतपासणी करणारा मनुष्य आहे. देऊळ फिरले की नाही या वादात मी शिरत नाही. दगड फिरल्याचा साक्षीदार मिळावयाचा नाही. मला या कथेतील दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. देवळाचे भक्तच पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत की, एका शिंप्यास, तोही नामदेवासारखा संत, देवळाच्या तोंडापुढे उभे राहू दिले नाही. पुराव्याचा कायदा १८७२ चा घ्या की १ जुलै २०२४ पासून अमलात आलेला नवा घ्या, प्रतिपक्षाने स्वतःच्या हिताविरुद्ध दिलेल्या कबुलीस दोन्हींत मोल आहे. ही कबुली चमत्काराच्या वेष्टनात गुंडाळून आपल्या हाती दिली जाते आणि आपण वेष्टन पाहून कबुली विसरतो. देऊळ फिरले, पुजारी फिरला का, हा प्रश्न त्या गाडीतील एकाही लेकराने का विचारू नये?

पंढरपुरास तर पुरावा डोळ्यांपुढे उभा आहे. महाद्वारी नामदेवाची पायरी आहे आणि तिच्यासमोर, देवळाच्या बाहेर, चोखामेळ्याची समाधी आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा चिरडले गेले. परंपरेने ते साल १३३८ मानले जाते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या. अस्थींतून विठ्ठलनामाचा आवाज येत होता, असे गाईड भक्तिभावाने सांगतो. अस्थी आणल्या तरी त्या दाराच्या बाहेर का ठेवाव्या लागल्या, हे तो सांगत नाही. चोखोबांच्या जातिबांधवांस ते दार ओलांडता यावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींस प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. मधल्या सहाशे वर्षांचे काय? बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेला अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील आपला ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला, याचा अर्थ त्या पायरीपाशी उभे राहिल्यावर जितका कळतो तितका घरी बसून कळत नाही. म्हणूनच, तेथे जाऊच नये असे म्हणणाऱ्या माझ्या तरुण मित्रांचे मत मला पटत नाही.

त्यांस मी आणखी एक ठिकाण दाखवू इच्छितो. उदगीरहून तुळजापूरला जाणाऱ्या गाड्या ज्या गावास क्वचितच वळतात ते धाराशिव जिल्ह्यातील तेर. गोरोबाकाकांचे गाव म्हणून ते वारकऱ्यांस ठाऊक आहे. दोन हजार वर्षांपूर्वी हेच तगर होते, ज्याचा बाजार भडोचच्या बंदरापर्यंत माल पाठवी. ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे. तेथे त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ आहे. त्याची मागील बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल आहे, जशी कार्ले-भाजे येथील चैत्यगृहांची असते. हेन्री कझेन्स या पुरातत्त्वज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची पाहणी करून असे मत दिले की, हे मुळात बौद्धांचे चैत्यगृह होते व मागाहून त्यात विष्णूची स्थापना झाली. हे मत आहे, निकाल नव्हे. सर्वच विद्वानांस ते मान्य आहे असेही नाही. आपल्यातील काहींस प्रत्येक देवळाखाली विहार दिसतो. पुरावा नसता असे बोलणे म्हणजे गाईडचाच धंदा उलट्या तोंडाने करणे होय. परंतु जेथे पुरावा पक्का आहे तेथे तरी आपण बोलतो का? जुन्नरजवळ लेण्याद्रीस गिरिजात्मज गणपती ज्या सातव्या लेण्यात बसला आहे, तो भिक्खूंचा विहार होता याविषयी कोणाही जाणत्याचा मतभेद नाही. भोवतीचा लेण्यांचा समूहच बौद्धांचा आहे. अष्टविनायकाच्या सहलीत दरवर्षी असंख्य लोक तेथे चढतात, भिंतीलगतच्या भिक्खूंच्या खोल्यांपुढून जातात आणि त्या खोल्या कोणाच्या हे न विचारता उतरतात. वेरूळच्या दहाव्या लेण्यात बसलेला बुद्ध सुतारांनी विश्वकर्मा म्हणून पुजला आणि लेण्याचे नावच विश्वकर्मा पडले. जो वारस आपल्या घराकडे फिरकत नाही, त्याचे घर दुसऱ्याच्या नावावर चढते. ताब्याच्या कायद्यात बारा वर्षे पुरतात. येथे तर शतके लोटली.

आता पहिल्या पक्षाकडे, म्हणजे 'फिरायला गेलो होतो' म्हणणाऱ्यांकडे येतो.

एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. मुले, सुना, नातवंडे यांसह ते अशाच एका दिवसाच्या सहलीस गेले होते. देवळाचे नाव मी सांगत नाही, कारण जे घडले ते कोठेही घडू शकते. गाईडने आग्रह केला, इतक्या दूर आलात तर अभिषेक करून घ्या. पावती फाडली. गुरुजी कुटुंबासह पाटावर बसले. संकल्प सुरू झाला आणि पुजाऱ्याने विचारले, गोत्र? गुरुजी गप्प. त्याने आडनाव विचारले. गाव विचारले. मग क्षणभर त्यांच्याकडे पाहून तो म्हणाला, काश्यप म्हणा, ज्यांस गोत्र ठाऊक नसते त्यांनी काश्यप म्हणावयाचे असते. अभिषेक पार पडला. प्रसाद मिळाला. परंतु प्रसाद, एरवी शेजारच्यांच्या ओंजळीत पडला तसा, हातावर न पडता पाटावर ठेवला गेला. परतीच्या वाटेवर नातवाने विचारले, "आजोबा, आपले गोत्र काय?"

गुरुजींस माझ्याकडून जाणून घ्यावयाचे होते की, यावर फिर्याद होते का. मी त्यांस सांगितले, होणे कठीण. आपणांस कोणी अडविले नाही. प्रवेश दिला, पूजा करू दिली, प्रसाद दिला. १९५५ चा कायदा घ्या की १९८९ चा अत्याचारप्रतिबंधक घ्या, ज्यात २०१५ च्या दुरुस्तीने पूजास्थानात येण्यास अडविणे हा स्वतंत्र गुन्हा झाला आहे. आपल्या मनास झालेली ही जखम त्या कलमांत बसवून सिद्ध करणे अवघड आहे. पाटावर ठेवलेला प्रसाद न्यायालयात आणता येत नाही. मग मी त्यांस विचारले, आपण पाटावर बसलात कशाला?

हा प्रश्न कठोर होता आणि मी तो मुद्दाम विचारला. बावीस प्रतिज्ञा काढून पाहा. ब्रह्मा-विष्णु-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती यांस देव मानणार नाही व त्यांची उपासना करणार नाही, अशी प्रतिज्ञा आहे. ब्राह्मणाकरवी कोणताही विधी करवून घेणार नाही, अशी प्रतिज्ञा आहे. देऊळ पाहणार नाही, त्याच्या शिल्पास हात लावणार नाही, त्याचा इतिहास वाचणार नाही, अशी प्रतिज्ञा कोठेही नाही. पाहणे आणि उपासना यांमधील रेषा बाबासाहेबांनी स्वच्छ आखून दिली आहे. पावती फाडली तेथे ती ओलांडली गेली. यावर एका सद्गृहस्थांनी मला असे सुनावले की, तुळजापूरचे भोपे ब्राह्मण नव्हेत, तेव्हा तेथे अभिषेक केला तर प्रतिज्ञा मोडत नाही! हा युक्तिवाद माझ्या व्यवसायातील एखाद्या चतुर माणसास शोभला असता. विधी कोण करतो एवढेच पाहून तो कोणाचा आहे हे विसरावयाचे, तर मग नागपूरला जाण्याचे कष्ट तरी कशाला घेतले?

काश्यप गोत्राचीही गंमत पाहा. आपल्या पूर्वजांस या धर्मात गोत्र नव्हते, आणि नव्हते म्हणूनच संकल्पही नव्हता. आता पावतीपुरते उसने गोत्र मिळते. ते पावतीबरोबरच संपते. सशुल्क दर्शनाची रांगही तशीच. पैसा टाकणारास देव लवकर दिसतो आणि न टाकणारास उशिरा, ही विषमता जन्मावरची नाही म्हणून ती समतेची झाली असे आपल्यातील पगारदारांस वाटू लागले आहे. मला त्या रांगेत उभ्या असलेल्या आपल्या माणसाच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहून वाईट वाटते. ज्या दाराशी आजोबास उभे राहू दिले नाही तेथे नातू पास दाखवून आत जातो, हा विजय खराच. पण विजयाची किंमत देवळाच्या गल्ल्यात पडते आणि मुलाच्या शिकवणीची फी मात्र थकते, हे हिशेबात कोणी धरावे?

तेव्हा काय करावे, असे वाचक विचारतील. जावे. सहलीस जरूर जावे. आपली मुले या जिल्ह्याबाहेरचे जग पाहोत. परंतु गाडी ठरवितानाच गाडीवाल्यास सांगावे की तुळजापूरला जाताना तेरही घ्यावयाचे आहे. तेथील लामतुरे यांच्या नावाच्या वस्तुसंग्रहालयात सातवाहन काळातील वस्तू आहेत, त्या मुलांस दाखवावयाच्या आहेत. देवळात गेल्यास पाहुण्याच्या शिस्तीने जावे. दुसऱ्याच्या श्रद्धेची टवाळी करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिलेला नाही आणि ती केल्याने आपण मोठे होत नाही. हात जोडू नयेत, पावती फाडू नये, गोत्र विचारल्यास 'मी बौद्ध आहे' एवढे तीन शब्द मोठ्याने उच्चारावेत. कोणी अडविले तर मात्र मागे फिरू नये. अडविणाऱ्याचे नाव, वेळ व साक्षीदार टिपून घ्यावेत आणि ३ ऱ्या कलमाखाली ठाण्यात फिर्याद द्यावी. तेथे मी विनामूल्य उभा राहीन.

शेवटी आपल्याच घराविषयी. ४ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते उदगीरच्या विश्वशांती बुद्ध विहाराचे उद्घाटन झाले. तेव्हापासून सहलीच्या काही गाडीवाल्यांनी आपल्या यादीत आणखी एक नाव घातले आहे. देवळे उरकून परतताना गाडी पंधरा मिनिटे विहारापाशी थांबते, लोक छायाचित्रे काढतात, एखादी म्हातारी बुद्धापुढे नारळ ठेवू पाहते आणि कोणीही तिला काही सांगत नाही. तिला दोष देऊन उपयोग नाही. सकाळपासून चार ठिकाणी तिला जे शिकविले तेच ती पाचव्या ठिकाणी करते. औंढ्यास नामदेवाची कथा सांगावयास माणूस हजर असतो, पंढरपुरास अस्थींची कथा सांगावयास हजर असतो. विहारापाशी तिच्या हातातील नारळ हळूच बाजूला घेऊन, मावशी, येथे मागावयाचे काही नसते, बसा, मी सांगतो, असे म्हणणारा आपला एकही सुशिक्षित तरुण उभा नसावा काय? शहरात महाविद्यालये आहेत, वसतिगृहे आहेत, आपले पदवीधर आहेत. रविवारी चार तास, दोघा-दोघांनी पाळीपाळीने. ज्यांची तयारी असेल त्यांनी येत्या पौर्णिमेस वंदनेनंतर विहाराच्या आवारात मला भेटावे. यादी तेथेच करू.